मामांचा फरक

आपल्या खात्यात आलेला पैसा आपलाच, याबद्दल मराठी माणसाच्या मनात कधी शंका येत नाही. आपल्या पत्त्यावर आलेला कोर्टाचा कागद मात्र नक्की दुसऱ्या कुणाचा तरी असतो. "चुकून आलेला दिसतोय," असं म्हणून तो फ्रिजवर ठेवला जातो. यथावकाश तो फ्रिजच्या मागे पडतो आणि घराला रंग काढला की सापडतो. तोवर बहुधा निकाल लागलेला असतो.

आमचे मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. निवृत्त शिक्षकाचं उरलेलं आयुष्य ज्या एका गोष्टीभोवती फिरतं, तिला 'फरक' म्हणतात. सातवा वेतन आयोग 1 जानेवारी 2016 पासून लागू धरला, हातात यायला 2019 उजाडलं, आणि मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत द्यायचं ठरलं. मग कोरोना आला आणि हप्ते पुढे सरकले. कोणता हप्ता केव्हा आणि किती जमा होणार, हे छातीठोकपणे सांगणारे पेन्शनरांच्या कट्ट्यावर पुष्कळ आहेत. त्यांतल्या कुणाचंही दुसऱ्याशी जुळत नाही.

अशा वातावरणात एका सकाळी मामांच्या मोबाइलवर 48,500 रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. मामांनी चष्मा लावला, मेसेज वाचला आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं आरोळी ठोकली, "अगं, फरक जमा झाला!"

पाठवणाऱ्याच्या नावापुढे कुठल्याशा मंडप डेकोरेटरचं नाव होतं. पण सरकार हल्ली सगळी कामं कंत्राटावरच देतं, असं मामांनी स्वतःचं समाधान करून घेतलं. आठवड्याच्या आत घरात घरघंटी आली, देवीला साडी गेली, कट्ट्यावर पेढे वाटले गेले. उरलेल्यांत जावयाचं अधिक महिन्याचं राहून गेलेलं चांदीचं ताट उरकलं.

झालं होतं असं, की त्या डेकोरेटरला फुलवाल्याचे पैसे द्यायचे होते. खाते क्रमांक घालताना नवाच्या जागी सहा पडला. फुलवाल्याचं नाव त्यानं अगदी शुद्धलेखनासह बरोबर लिहिलं होतं, पण त्याचा उपयोग काय? ऑनलाइन पैसे फक्त खाते क्रमांक पाहून जमा करता येतील, असं रिझर्व्ह बँकेनं 2010 मध्येच सांगून ठेवलं होतं. नावाचा रकाना आपला शोभेला. पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव पडद्यावर दिसेल, अशी सोय एनईएफटी आणि आरटीजीएसला 1 एप्रिल 2025 पर्यंत करा, असा आदेश पुढे निघाला. मामांची घरघंटी तोवर जुनी झाली होती.

बँकेनं आपलं काम केलं नाही असं नाही. तिथल्या एका मुलानं फोन केला होता.

"काका, मी बँकेतून बोलतोय. तुमच्या खात्यात चुकून दुसऱ्याचे पैसे जमा झालेत. ते परत करायला तुमची संमती लागेल."

आता 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याशी कसं वागायचं, याचं शिक्षण त्याच बँकेनं मामांना रोज मेसेज पाठवून दिलं होतं. मामा मुळात शिक्षक. त्यांनी त्या मुलाला बाकावर उभं केलं.

"ओटीपी पाहिजे ना तुला?"

"नाही काका, सही पाहिजे. शाखेत येऊन जा."

"सहीसुद्धा मिळणार नाही! आईबापांनी हेच शिकवलं का रे तुला?"

मुलानं पुन्हा फोन केला नाही. ठकसेनाला पळवून लावल्याची ही हकिगत मामांनी कट्ट्यावर सांगितली, तेव्हा त्यांचा सत्कार होता होता राहिला. नारळ फोडायला वेळ नव्हता म्हणून.

त्यानंतर वकिलाची नोटीस आली, रजिस्टर पोस्टानं. रजिस्टरनं आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, हे मामांचं पक्कं मत. भावकीच्या वाटणीपासून शाळेच्या ऑडिटपर्यंत सगळी संकटं त्यांच्याकडे रजिस्टरनंच आली. पोस्टमन दारात दिसताच ते न्हाणीघरात गेले आणि आतून म्हणाले, "मी घरी नाही म्हणून सांग!" हे पोस्टमननं ऐकलं, समोरच्या फ्लॅटनं ऐकलं, आणि पाकिटावर शेरा पडला. बरोबर पत्त्यावर टाकलेलं रजिस्टर पोहोचलंच असं कायदा धरून चालतो. जनरल क्लॉजेस ॲक्ट 1897 चा आहे. न्हाणीघरात जाण्याची युक्ती त्याआधीपासून माहीत असल्याशिवाय ते कलम कुणाला सुचलं नसणार.

मग दावा दाखल झाला. इथे मात्र मामांची बाजू खरी आहे, हे मला आवर्जून सांगायचंय. समन्स निघालं तेव्हा मामा-मामी लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला होते. बेलीफ दोनदा येऊन कुलूप पाहून गेला. शेवटी पंच घेऊन आला आणि समन्सची प्रत दाराला चिकटवून गेला. त्या दारावर आधीच 'वॉटर प्युरिफायर दुरुस्ती', 'पेस्ट कंट्रोल', 'पाचवी ते दहावी गणित' अशी मंडळी नांदत होती. सोसायटीच्या सेक्रेटरींना गणपतीच्या आधी स्वच्छतेचा झटका आला आणि त्यांनी खरवडणी घेऊन सगळ्या जिन्याची दारं साफ केली. न्यायसंस्थेच्या कागदाला मात्र डिंक बरा लावलेला असावा. मामांच्या दाराच्या डाव्या फळीवर दोन बोटांची एक पट्टी शिल्लक राहिली, तिच्यावर अर्धा गोल शिक्का आणि 'कसूर केल्यास' एवढीच अक्षरं. नाशिकहून परत आल्यावर दाराला काहीतरी चिकटलेलं दिसतंय म्हणून मामींनी त्यावर 'शुभ लाभ'चं स्टिकर लावलं.

माणूस सापडत नाही म्हटल्यावर कोर्ट वर्तमानपत्रातून समन्स काढायला सांगतं. ते वर्तमानपत्र प्रतिवादी शेवटचा जिथे राहत होता त्या भागात खपणारं पाहिजे, एवढी काळजी कायदा घेतो. ते तिथे वाचलं जातं का, ही काळजी मात्र तुमची. 'शेतजमिनीस हरकत असल्यास' आणि 'नावात बदल' यांच्या मधोमध मामांचं नाव छापून आलं. वर्तमानपत्र मामांच्याच घरी येणारं होतं.

ठरलेल्या दिवशी पुकारा झाला. प्रतिवादी गैरहजर, वकील नाही, कैफियत नाही. वादीनं शपथपत्रावर सांगितलं ते कोर्टानं मानलं आणि व्याजासह एकतर्फी हुकूमनामा दिला. त्या दुपारी मामा कट्ट्यावर फरकाच्या पुढच्या हप्त्याची चौकशी करत होते.

निकालाची बातमी घरी आली ती जप्तीच्या वॉरंटसोबत. बेलीफ दारात उभा आणि मामी त्याला ओळखत नसल्यामुळे चहाचं विचारतायत, असा तो प्रसंग. वॉरंट कळल्यावर त्या घाबरल्या नाहीत. उलट खोलीत ठेवलेली व्यायामाची सायकल त्यांनी पुढे केली. "हीच न्या हो भाऊ, गेली कित्येक वर्षं हिच्यावर टॉवेल वाळतायत." बेलिफाची नजर घरघंटीवर गेली, तेव्हा मात्र मामींनी पदर खोचला.

"ती नाही न्यायची. स्वयंपाकाची भांडी नेता येत नाहीत, असं आमच्या भाच्यानं सांगितलंय."

भाचा म्हणजे मी. मी एलएलबी केलंय असा आमच्या घराण्याचा समज आहे. माझं पहिलं वर्ष आणि शेवटचं वर्ष एकच होतं, हे मी वेळोवेळी सांगतो, पण नात्यागोत्यात मोफत सल्ला देणाऱ्याचं गुणपत्रक कुणी मागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्तीतून वगळलंय, एवढं मी फोनवर सांगितलं होतं. घरघंटी हे भांडं आहे की यंत्र, यावर मामी आणि बेलीफ यांच्यात बराच वेळ खल झाला. "ज्यातून पीठ निघतं ते भांडंच," असं मामींचं म्हणणं. शेवटी मामांनी लेखी मुदत मागितली आणि घरघंटी जागेवर राहिली. एवढ्यासाठी तरी मला एलएलबीची पदवी मिळायला हवी होती.

मग खरा वकील केला. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, "ऑर्डर नाईन, रूल थर्टीनचा अर्ज टाकू. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेऊ. दोनच कारणं चालतात. एक तर समन्स रीतसर बजावलं गेलं नाही, नाहीतर हजर न राहायला पुरेसं कारण होतं. तुमचं कोणतं?"

"दोन्ही," मामा म्हणाले. "मला समन्स मिळालंच नाही. आणि मिळालं तेव्हा मी आजारी होतो."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "मामा, एक कुठलंतरी."

"राहू द्या ना दोन्ही. एखादं लागू पडेल. आणि मुलीचं बाळंतपणही घाला."

आपल्याकडे एका कारणावर कुणाचाच विश्वास नसतो. कामाला दांडी मारणारा नुसतं डोकं दुखतं म्हणत नाही, डोकं दुखतं, पाहुणे आलेत आणि गाडी पंक्चर आहे असं तिन्ही एका दमात सांगतो. ऐकणाऱ्याला तिन्ही खोटी वाटतात, आणि एखाद्या वेळी तिन्ही खरी असतात. मामांच्या बाबतीत दोन खरी होती. आजारपण तेवढं बनावट होतं, आणि मामांचा सगळा भर त्यावरच होता. त्यांनी ओळखीच्या डॉक्टरांकडून सर्टिफिकेट आणायचीही तयारी दाखवली. "कुठल्या महिन्याचं पाहिजे?" असा डॉक्टरांचा निरोपही आला होता. वकिलांनी हात जोडले.

मुदतीचा मुद्दा निघाला. अशा अर्जाला तीस दिवस मिळतात, हुकूमनाम्याच्या तारखेपासून. समन्स नीट बजावलं गेलं नसेल, तर हुकूमनामा झाल्याचं कळलं त्या दिवसापासून. म्हणून अर्जात 'अर्जदारास ज्ञान झाले तो दिवस' लिहावा लागतो. मामांना हा रकाना फार आवडला. सदतीस वर्षं शिकवून जे झालं नाही, ते बेलीफ आल्यावर अर्ध्या तासात झालं होतं.

प्रतिज्ञापत्राच्या मसुद्यावर मात्र मामांनी लाल पेन चालवलं. "'अर्जदार हे वयोवृद्ध, अशक्त व कायद्याचे अज्ञानी इसम असून', हे कुणी लिहिलं?"

"सगळ्यांच्यात तसंच असतं, मामा. टायपिस्टच्या मशीनमध्ये तयारच आहे."

"मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. अज्ञानी कसा? आणि 'इसम' काय? 'सद्गृहस्थ' करा."

शेवटी 'वयोवृद्ध' राहिलं, 'अशक्त' गेलं आणि 'अज्ञानी'च्या जागी 'अनभिज्ञ' आलं. अर्जाला कोर्ट फीचा स्टॅम्प लागला, हुकूमनाम्याची नक्कल जोडली गेली, आणि दाराच्या डाव्या फळीचा, 'शुभ लाभ' अर्धं सोलून काढलेला रंगीत फोटोही.

आता गंमत पाहा. वादीला नोटीस दिल्याशिवाय असा हुकूमनामा रद्द करता येत नाही, हे पुढचाच नियम सांगतो. म्हणून कोर्टानं डेकोरेटरला नोटीस काढली. लग्नाचा हंगाम होता. डेकोरेटर कुठल्याशा गावी मांडव घालत होता. नोटीस 'घर बंद' शेऱ्यानं परत आली.

मामांचा चेहरा असा उजळला, की विचारू नका. "म्हणजे तोही सापडत नाही! मग चालवा ना एकतर्फी. कायदा सगळ्यांना सारखा पाहिजे." एकतर्फी कारभार किती अन्यायाचा असतो, यावर जो माणूस महिनाभर तावातावानं बोलत होता, त्याला तो आपल्या बाजूनं मिळणार म्हटल्यावर सोपा, स्वस्त आणि न्याय्य वाटू लागला. वकिलांनी समजावलं, "मामा, आपण अर्जात लिहिलंय, की दार बंद असलं म्हणजे माणूस पळालेला नसतो." मामा म्हणाले, "ते आपल्या दाराबद्दल लिहिलंय."

डेकोरेटर सापडला. त्याच्या वकिलांनी अर्जावर 'म्हणणं' द्यायला मुदत मागितली. पुढच्या तारखेला साहेब रजेवर होते. त्यानंतरच्या तारखेला आमचे वकील दुसऱ्या कोर्टात होते. मे महिना सुट्टीत गेला. मामा प्रत्येक तारखेला इस्त्रीचा सदरा घालून जात, आवारातल्या बाकावर बसत, आणि शेजारच्या पक्षकाराला त्याचा खटला कसा चालवायला हवा ते सांगत. एकदा ते सल्ला देण्यात एवढे रंगले, की त्यांच्याच नावाचा पुकारा त्यांना ऐकू आला नाही. शिपायानं खांद्याला हात लावून आणलं म्हणून वाचले. नाहीतर गैरहजेरी माफ करण्याचा अर्ज गैरहजेरीत निकाली निघाला असता, आणि त्या अर्जासाठी आणखी एक अर्ज. असे अर्ज लोक करतात बरं का.

या काळात मामांना धीर यावा म्हणून मी त्यांना ऑस्ट्रेलियातली एक हकिगत सांगितली. 2021 मध्ये क्रिप्टो डॉट कॉम या कंपनीला मेलबर्नच्या एका बाईंना 100 डॉलर परत करायचे होते. कर्मचाऱ्यानं रकमेच्या रकान्यात खाते क्रमांक घातला, आणि गेले साधारण एक कोटी पाच लाख डॉलर. कंपनीला ते कळायला सात महिने लागले. त्या पैशांतून घर घेतलं गेलं, बहिणीच्या नावावर. बहीण कोर्टात आली नाही, तेव्हा 2022 मध्ये तिथल्या कोर्टानं तिच्या गैरहजेरीतच घर विकायचा हुकूम केला. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तिथेही फरक जमा होतो तर," म्हणाले. पुढे किंचित हळहळून, "आपण घरघंटी घेतली."

युक्तिवादात आमच्या वकिलांनी संग्रामसिंगचा 1955 चा निवाडा काढला. प्रक्रियेचे नियम न्यायाला हातभार लावण्यासाठी आहेत, माणसाला पाय घालून पाडण्यासाठी नव्हेत, अशा अर्थाचं न्यायमूर्ती विवियन बोस यांनी त्यात लिहून ठेवलंय. बोस सर्वोच्च न्यायालयात जाण्याआधी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, असं मी मामांच्या कानात सांगितलं. "मग बरोबरच लिहिणार," मामा म्हणाले. ते डी.एड.ला नागपुरात होते.

पण त्याआधी उलटतपास झाला, आणि तिथे खरी मजा आली. समन्स बजावण्यात बारीकसारीक खोट आहे, एवढ्यावर हुकूमनामा रद्द होत नाही. प्रतिवादीला तारीख माहीत होती आणि यायला वेळ होता असं दिसलं, की संपलं. म्हणून समोरच्या वकिलांनी वर्तमानपत्राचा तो अंक घेतला आणि गोड आवाजात सुरुवात केली.

"गुरुजी, हे वर्तमानपत्र तुम्ही घेता?"

"पहिल्या अंकापासून."

"रोज वाचता?"

"अग्रलेख आणि शब्दकोडं. बाकी वाचण्यासारखं काय असतं?"

"शब्दकोडं कितव्या पानावर येतं?"

"चौथ्या."

"आणि ही नोटीस?"

मामांनी अंक हातात घेतला. नोटीस चौथ्या पानावर होती, शब्दकोड्याला लागून. आमच्या वकिलांनी डोळे मिटले. मामा जरा थांबले, आणि निवृत्त मुख्याध्यापकाच्या आवाजात म्हणाले, "साहेब, हा अंक आला त्या दिवशी आम्ही नाशिकला होतो. परत आल्यावर गठ्ठ्यातला हाच अंक हिनं गच्चीवर कुरडया वाळवायला घेतला. आमचा अंक मी सोबत आणलाय."

पिशवीतून अंक निघाला. चौथं पान तेलकट आणि पिवळं, त्यावर कुरडयांचे वेटोळे वेटोळे उमटलेले. एक वेटोळं नेमकं मामांच्या नावावर. शब्दकोडं कोरं. कुणालाही पटलं असतं, कारण ज्या अंकातलं शब्दकोडं मामांनी सोडवलेलं नाही तो अंक त्यांनी पाहिलेलाच नाही, एवढं त्यांच्या बोलण्यावरून एव्हाना सगळ्या कोर्टाला कळलं होतं. साहेबांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि नाकाजवळ नेलं. निशाणी क्रमांक पडला.

अर्ज मंजूर झाला. एकतर्फी हुकूमनामा रद्द, मूळ दावा पुन्हा फाइलवर, अट एवढीच की अर्जदारानं वादीला 2,000 रुपये खर्च द्यावा. "ऑनलाइन पाठवू का?" असं मामांनी विचारताच दोन्ही बाजूंचे वकील एकदम म्हणाले, "नको!" पैसे रोख दिले गेले आणि पावती घेतली गेली.

मामांनी कट्ट्यावर पेढे वाटले. 'केस जिंकलो' असं सांगितलं. वकिलांनी दुसऱ्या दिवशी बोलावून विचारलं, "मामा, आता कैफियत द्यायचीय. तीस दिवस आहेत. काय म्हणणं आहे तुमचं?"

मामा बराच वेळ गप्प बसले. आपलं म्हणणं ऐकून घेतलंच पाहिजे म्हणून त्यांनी एवढं रान उठवलं होतं. म्हणणं काय आहे, हे मात्र ठरवायचं राहून गेलं होतं.

"पैसे आले, हे खरं," ते शेवटी म्हणाले. "पण मला वाटलं फरक आहे. आणि ते खर्च झाले."

"मामा, चुकून आलेले पैसे परत करावे लागतात. कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट, कलम 72. कायदा 1872 चा आहे."

"तेव्हा वेतन आयोग कुठे होता?"

सध्या प्रकरण लोकअदालतीत ठेवायचं चाललंय. मामांनी हप्त्यानं मूळ रक्कम द्यावी, डेकोरेटरनं व्याज सोडावं, असा प्रस्ताव आहे. लोकअदालतीत मिटलं तर वादीला भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि झालेल्या निवाड्यावर अपील करता येत नाही. पहिलं ऐकून डेकोरेटर तयार झालाय. दुसरं ऐकून मामा अडून बसलेत.